केनाईच्या काठाने, जून ते सप्टेंबर: साल्मनच्या मागावर

केनाईवर जायची तारीख ठरवताना आधी मासा ठरवावा लागतो. अलास्काच्या दक्षिणेला, केनाई तळ्यातून निघून कुक इनलेटच्या खाडीला मिळणारी ही नदी जेमतेम १३२ किलोमीटरची. पण मेपासून सप्टेंबरपर्यंत तिच्यातून किंग, सॉकआय, पिंक आणि सिल्व्हर अशा साल्मनच्या जाती पाळीपाळीने समुद्रातून वर चढतात. सॉकआय तर दोनदा येतो: जूनमध्ये रशियन नदी या उपनदीकडे जाणारी पहिली लाट आणि जुलैत त्याहून कितीतरी मोठी दुसरी. कोकणात पहिल्या पावसात चढणीचे मासे धरणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. मासा चढेल तेव्हाच जायचं, आठवडा चुकला की पाणी रिकामं. म्हणून एकाच उन्हाळ्यातले जून, जुलै आणि सप्टेंबरमधले दिवस इथे क्रमाने दिले आहेत. ज्याला एकदाच जाणं जमणार आहे त्याने आपला महिना निवडावा.

१० जून. अँकरेज ते कूपर लँडिंग

अंतर सुमारे १६० किलोमीटर. नकाशा दोन तास दाखवतो, तीन धरा. टर्नअगेन आर्म या खाडीच्या काठाने जाणारा रस्ता सुंदर आहे, पण त्यावर मोठ्या मोटरहोम असतात आणि ओव्हरटेक करायला जागा कमी.

गाईडच्या पैशांत मासेमारीचा परवाना धरलेला नसतो. तो आदल्या दिवशीच ऑनलाइन किंवा दुकानातून घ्यावा. अलास्काबाहेरच्या माणसाला एका दिवसाचा १५ डॉलर, तीन दिवसांचा ३०, सात दिवसांचा ४५ असा दर आहे. सोळा वर्षांखालच्या मुलांना परवाना लागत नाही, मात्र किती मासे ठेवायचे ही मर्यादा त्यांनाही लागू. किंगसाठी वेगळा शिक्का घ्यावा लागतो. तो घेण्याआधी यंदा किंगची मासेमारी उघडी आहे का ते पाहा, नाहीतर पैसे वाया जातात.

त्याच वेळी अलास्काच्या मत्स्य आणि वन्यजीव खात्याचे तातडीचे आदेश वाचा. छापलेलं नियमपुस्तक हंगामाच्या सुरुवातीचं असतं. नदीत किती मासा आला हे पाहून खातं मधेच मर्यादा वाढवतं, कमी करतं किंवा नदीचा तुकडा बंदही करतं. चांगला गाईड रोज सकाळी हे तपासतो. आदल्या संध्याकाळी फोनवर त्याला "उद्या काय उघडं आहे?" एवढं विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर तो माणूस बरोबर नाही असं आमचं मत.

काठी, रीळ, गळ आणि बहुतेक वेळा वेडर म्हणजे छातीपर्यंतची जलरोधक विजारही गाईडकडे असते. आपण न्यायचं ते लोकरीचे मोजे, आतले उबदार कपडे, पावसाचं जॅकेट आणि पोलराइज्ड चष्मा. सुती कपडे नकोत. पाणी बर्फ वितळून आलेलं असतं, ओल्या सुती कपड्यात अर्ध्या तासात दातावर दात आपटायला लागतात. वेडरवरचा कमरपट्टा घट्ट बांधायचा. पाय घसरला तर पाणी आत भरण्यापासून तोच अडवतो.

११ जून. रशियन नदीचा संगम

वरची केनाई २ मे ते १० जून बंद असते. तेव्हा इथल्या रेनबो ट्राउटचा अंडी घालण्याचा काळ असतो. ११ जूनला नदी उघडते आणि मध्यरात्री बारा वाजून एक मिनिटाने पहिले गळ पाण्यात पडतात. त्या रात्री काठावर खांद्याला खांदा लागतो. गर्दीची हौस नसेल तर पहाटे चार-साडेचारला या. उजेडाची चिंता नाही, या दिवसांत तो एकोणीस तास असतो.

संगमापाशी केनाई ओलांडायला फेरीबोट आहे. तिला इंजिन नाही. तारेला बांधलेली होडी तिरकी धरली की प्रवाहच तिला पलीकडे ढकलतो. पलीकडच्या काठावर उतरून वरच्या किंवा खालच्या अंगाला चालत जायचं.

आता मासा कसा धरतात ते. सॉकआय समुद्रात मुख्यतः प्लवकांवर जगतो आणि गोड्या पाण्यात शिरल्यावर खाणं सोडतो. आमिष दाखवून तो येत नाही. पण प्रवाहाविरुद्ध पोहताना त्याचं तोंड सतत उघडमिट करत असतं. वाहत्या दोरीचा फास त्या तोंडातून सरकतो आणि मागोमाग येणारा गळ जबड्याच्या कडेला बसतो. सगळी मांडणी यासाठीच असते.

आठ किंवा नऊ नंबरची (हा काठीच्या ताकदीचा क्रमांक) नऊ फुटी फ्लाय काठी. पुढे २० ते २५ पौंडी नायलॉन. गळापासून दीड ते अडीच फूट वर शिशाचं वजन. दीड फुटापेक्षा जवळ वजन लावायचं नाही, हा नियमच आहे. गळ एकच काट्याचा, टोक आणि दांडी यांच्यातलं अंतर तीन अष्टमांश इंचापेक्षा जास्त नको. त्यावर केसांचा साधा झुपका बांधलेला असतो. झुपक्याच्या रंगावरून काठावर तासन्‌तास वाद रंगतात. आमच्या अनुभवात रंगाने फारसं बिघडत नाही, वजनाने मात्र सगळं बिघडतं.

नदी डावीकडून उजवीकडे वाहते असं धरा. पंधरा-वीस फूट दोरी बाहेर ठेवून घड्याळातल्या दहाच्या दिशेला टाकायची. वजन तळाला लागलं की काठीचं टोक प्रवाहाच्या वेगाने फिरवत न्यायचं. हाताला टक... टक... टक अशी चाहूल लागली पाहिजे, साधारण सेकंदाला एक. टकटक येतच नसेल तर गळ माशांच्या डोक्यावरून चाललाय, वजन वाढवा. वजन दर वेळी दगडात अडकत असेल तर कमी करा. दोनच्या दिशेपर्यंत आलं की काठी काठाकडे आडवी ओढून दोरी ताणायची आणि पुन्हा टाकायची. मधेच टकटक थांबली किंवा दोरी जड झाली तर लगेच आडवा झटका. मासा आहे की दगड याचा विचार करत बसलात तर मासा गेला.

नवखा माणूस सर्वांत जास्त चुकतो तो उभं राहण्यात. नदी मोठी, म्हणून मासा मधे असणार असं वाटून तो कमरेइतक्या पाण्यात शिरतो. सॉकआय मात्र ओढ टाळण्यासाठी काठाच्या कडेने, एक ते तीन फूट पाण्यातून चढतो, बरेचदा काठापासून दहा-पंधरा फुटांच्या आत. म्हणजे मासे त्याच्या पाठीमागून जात असतात, आणि शेजाऱ्यांच्या वाटेतलेही तो उधळून लावतो. गुडघ्यापर्यंत पाणी पुरे. गाईडच्या पैशाचं चीज होतं ते इथे. तो हात धरून मागे आणतो, चार पावलं खाली नेतो आणि त्याच पाण्यात मासा लागतो.

मासा लागला की मोठ्याने "फिश ऑन" म्हणायचं, म्हणजे शेजारचे आपापल्या दोऱ्या उचलतात. काठी उंच धरायची नाही, काठाकडे आडवी ठेवायची आणि माशाला खालच्या अंगाच्या उथळ वाळूकडे वळवायचं. गळ तोंडाखेरीज पाठीत, पंखात किंवा शेपटीत लागला असेल तर मासा ताबडतोब सोडायचा, हा कायदा आहे. तसा मासा प्रवाहात पळत सुटला तर काठी त्याच्या दिशेने सरळ रोखून, रीळ धरून दोरी तोडून टाका. पंधरा मिनिटं झुंजवून शेवटी सोडलेला मासा वाचेलच याची खात्री नसते. चष्माही याच वेळी कामाला येतो. ताणलेल्या दोरीवरून गळ सुटला की शिशासकट थेट तोंडावर येतो. इथल्या डोळ्यांच्या बहुतेक दुखापती अशाच.

ठेवायच्या माशाच्या डोक्यात दांडक्याचा एक नेमका फटका, मग लगेच दोन्ही कल्ले कापून वाहत्या पाण्यात रक्त जाऊ द्यायचं. हे केलं नाही तर मांसात रक्त राहतं आणि फ्रीझरमध्ये वास धरतं. रोजची मर्यादा तीन मासे.

अस्वलं इथे खरोखर असतात, काळी आणि तपकिरी दोन्ही. मासे आणि पिशवी हाताच्या अंतरावर ठेवा, झाडाखाली ठेवून खाली उतरू नका. मासा काठावर साफ केलात तर डोकं-काटा अख्खा टाकायचा नाही, लहान तुकडे करून जोरात वाहणाऱ्या धारेत फेकायचे. अस्वलाला माणसापाशी खाणं मिळतं हे एकदा कळलं की शेवटी अस्वलालाच गोळी घातली जाते. अस्वल आलं तर दोरी तोडा, मासे उचला, मागे सरा.

१२ जून. धबधब्यापर्यंत

हात दुखत असतात, म्हणून आज पायवाट. रशियन नदीच्या धबधब्यापर्यंत सोपा रस्ता आहे आणि मासा चढत असेल तर खडकावरून उड्या मारताना दिसतो. वरच्या अंगाला लोअर रशियन तळ्यापाशी खात्याचं कुंपण आहे, तिथे वर जाणारा एकेक सॉकआय मोजला जातो. पहिल्या लाटेसाठी खात्याचं उद्दिष्ट २२,००० ते ४२,००० मासे. आकडा लवकर भरला तर संगमाजवळचा एरवी १५ जुलैपर्यंत बंद असणारा राखीव पट्टा आधीच उघडतो. तातडीचे आदेश निघतात ते या मोजणीवरून.

१८ जुलै. सोल्डॉट्ना

जुलैचा मुक्काम खालच्या अंगाला, सोल्डॉट्ना गावात. आता येतो तो मोठ्या लाटेचा सॉकआय, सहा-आठ पौंडांचा. नदीच्या मुखापासून १९ मैलांवर खात्याचं सोनार यंत्र आहे. पाणी हिमनदीच्या दगडपिठाने दुधाळ हिरवं असतं, डोळ्यांनी मासा मोजता येत नाही, म्हणून ध्वनिलहरी. या लाटेतले साडेसात लाख ते तेरा लाख मासे अंडी घालायला वर पोचावेत असं खात्याचं उद्दिष्ट आहे.

रोजचा आकडा जाहीर होतो आणि सगळं गाव तो वाचतं. वाचायचा कसा हे महत्त्वाचं. सोल्डॉट्नाचा पूल सोनारच्या जेमतेम वर आहे, तिथे आकडा वाढला की त्याच दिवशी मासा. स्किलाक तळ्याच्या खालचा पट्टा मुखापासून ५० मैलांवर, तिथे तोच मासा काही दिवसांनी पोचतो. काल एक लाख गेले म्हणून आज वर धाव घेणाऱ्यांच्या हाती काही लागत नाही.

जुलैत रविवारी आणि सोमवारी खालच्या नदीत गाईडच्या होड्यांवर बंधनं असतात. बुकिंग मंगळवार ते शनिवारमधलं घ्या. इतर दिवशीही गाईडच्या होडीतून गळ टाकायची वेळ सकाळी सहा ते संध्याकाळी सहा.

१९ जुलै. मधली नदी

पाचला होडी पाण्यात. वीस फुटी ॲल्युमिनियमची होडी आणि ५० अश्वशक्तीपर्यंतचं इंजिन, त्याहून मोठं चालत नाही, कारण लाटांनी काठ खचतात. काठावरचं गवत आणि झुडपं म्हणजे साल्मनच्या पिल्लांचा आसरा. म्हणून बरेच काठ चालायला बंद आहेत आणि जिथे उघडे आहेत तिथे जाळीच्या उंच पायवाटा बांधल्या आहेत. जाळीतून खाली ऊन जातं, गवत जगतं.

गाईड होडी एखाद्या खडीच्या बेटाला लावतो आणि सगळे उतरून जूनमधल्याच पद्धतीने गळ टाकतात. फरक एवढाच की इथे पाण्याला ओढ जास्त, म्हणून वजनही जास्त. तीन-चार गरम दिवस गेले की हिमनद्या जोरात वितळतात, पाणी चढतं आणि कालची उभी राहायची जागा आज मांडीपर्यंत बुडालेली असते. मासाही तेवढाच काठाकडे सरकतो. पाणी चढलं म्हणून नाराज होऊ नका, दोन पावलं मागे या.

भर लाटेत एकदम मासे येतात आणि मग तासभर काहीच नाही. समुद्राच्या भरतीबरोबर ते टोळ्यांनी नदीत शिरतात, ती लय वरपर्यंत टिकते. रिकाम्या तासात जागा बदलण्यापेक्षा गळाचं टोक नखावर घासून पाहा. नखावरून घसरलं तर कानस लावा किंवा गळ बदला. दगडावर दिवसभर टकटक करणारं टोक दोन तासांत बोथट होतं, आणि "लागतो पण सुटतो" ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच येते.

मासा भरपूर आला तर खातं मर्यादा तीनवरून सहा करतं. सहा मिळाले तरी तितके साफ करून, गोठवून न्यायची सोय आहे का हे आधी ठरवा.

२० जुलै. मुखाशी, आणि किंगबद्दल

आज गळ नाही. केनाई गावाच्या समुद्रकाठी उभं राहून डिपनेट पाहायचं. लांब दांड्याची पाच फुटी वर्तुळाकार जाळी घेऊन शेकडो कुटुंबं छातीभर पाण्यात उभी असतात. १० ते ३१ जुलै हा त्याचा काळ. कुटुंबप्रमुखाला २५ आणि पुढच्या प्रत्येक माणसाला १० मासे. हे फक्त अलास्कावासीयांसाठी आहे, पाहुण्याने जाळीला मदत म्हणूनही हात लावायचा नाही.

केनाईचं नाव जगभर झालं ते किंगमुळे. १७ मे १९८५ रोजी लेस अँडरसन यांनी इथे धरलेला किंग ९७ पौंड ४ औंसांचा होता, म्हणजे ४४ किलो. गळाने धरलेल्या किंगचा तो जागतिक विक्रम अजून मोडलेला नाही. पण किंगची संख्या घसरत गेली, आणि २०२३, २०२४ आणि २०२५ या सलग हंगामांत केनाईवर त्याची मासेमारी बंद राहिली. किंग जाळ्यात सापडू नये म्हणून खाडीच्या पूर्व किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या जाळी लावणाऱ्या मच्छीमारांनाही घरी बसावं लागलं. जुन्या फोटोंवर जाऊन "मोठा किंग धरायचाय" म्हणत आलेल्यांना प्रामाणिक गाईड हे फोनवरच सांगतो. सॉकआयच्या गळाला चुकून किंग लागला तर त्याला पाण्याबाहेर काढायचं नाही, फोटोसाठीसुद्धा नाही. पक्कड पाण्यात घालून गळ सोडवायचा, किंवा दोरी गळाजवळ कापायची.

८ सप्टेंबर. सिल्व्हरची पहाट

ऑगस्टमध्ये सम वर्षी पिंक इतके येतात की सिल्व्हरसाठी टाकलेलं आमिष तेच खाऊन टाकतात. त्यामुळे आमची पसंती सप्टेंबरला. सिल्व्हरची मर्यादाही १ सप्टेंबरपासून दोनवरून तीन होते. सहा ते बारा पौंडांचा हा मासा नदीतही चावतो आणि गळाला लागला की पाण्याबाहेर झेपा घेतो.

सिल्व्हर धारेत थांबत नाही. वळणाची आतली बाजू, ओहोळाचं मुख, पडलेल्या झाडामागचं संथ पाणी अशा जागी तो विसावतो. गाईड होडी धार आणि संथ पाण्याच्या सीमेवर नांगरतो. नांगराची दोरी नेहमी होडीच्या नाकाला. मागच्या बाजूला नांगर टाकला तर केनाईच्या ओढीने पाणी मागून आत येतं आणि होडी काही क्षणांत बुडते. दोरीला तरंगता बोया असतो, मासा मोठा लागला की दोरी सोडून त्याच्यामागे जाता येतं.

जिथे आमिषाला परवानगी आहे तिथे सर्वांत खात्रीचं आमिष म्हणजे साल्मनची गाबोळी. ती पडद्यासकट अंगठ्याएवढ्या तुकड्यांत कापून बोरॅक्स, मीठ आणि साखर लावून दिवसभर थंड ठेवतात. दाणे चिवट होतात, पण आत रस राहतो. गळाच्या दांडीवर दोरीचे वेढे देऊन एक फास ठेवलेला असतो, त्यात तुकडा अडकवून दोरी ओढली की तो घट्ट बसतो. गाबोळीत टोक खुपसू नका, तुकडा फाटून पहिल्याच फेकीत उडून जातो.

सिल्व्हर आधी चघळतो. काठीचं टोक थरथरतं तेव्हा हात आवरायचा, टोक वाकून खाली जायला लागलं की मग उचलायची. घाईचा झटका म्हणजे रिकामा गळ. सूर्य वर आल्यावर चावणं मंदावतं. तेव्हा सात अष्टमांश औंसाचा पिक्सी चमचा किंवा व्हायब्रॅक्स फिरकी (दोन्ही धातूची चकाकणारी खोटी आमिषं) संथ पाण्यात टाकून हळू ओढावी. रागाने का होईना, मासा त्यावर येतो.

९ सप्टेंबर. कूपर लँडिंगपासून वल्ह्यांवर

वरच्या नदीत आता अंडी घालणारे लालभडक सॉकआय आणि त्यांच्या मागे वाहून आलेली अंडी खायला टपलेले रेनबो ट्राउट. कूपर लँडिंगहून जिम्स लँडिंगपर्यंत ड्रिफ्ट बोटीतून जायचं, वल्ही गाईडच्या हाती, इंजिन नाही. त्यापुढच्या घळीत पाणी खवळलेलं असतं, नवख्याने स्वतःची होडी तिकडे नेऊ नये.

आमिष म्हणजे प्लास्टिकचा मणी, आठ किंवा दहा मिलिमीटरचा. तो गळाच्या वर दोन इंचांच्या आत काडीने पक्का करायचा. नियमही तेवढाच आणि कारणही रास्त: मासा मणी तोंडात घेतो, गळ जबड्याच्या बाहेरच्या कडेला बसतो आणि सहज सुटतो. अंतर वाढवलं तर गळ डोळ्यात किंवा कल्ल्यात शिरतो. ताजं अंडं पारदर्शक नारिंगी, दोन-तीन दिवसांनी मेलेलं अंडं दुधाळ फिकट. गाईड लोक नेलपॉलिशचे थर देऊन मणी तसे रंगवतात, आणि सप्टेंबर पुढे सरकला की फिक्या मण्यांकडे वळतात.

दोरीवर लावलेला तरंगता निदर्शक पाण्याच्या वेगानेच वाहिला पाहिजे. फेस त्याला मागे टाकत असेल तर दोरी पाण्यावर ओढली जातेय. ती उचलून वरच्या अंगाला टाका. निदर्शक जरा थबकला तरी काठी उचला. ट्राउट सोडायचाच म्हणून धरायचा: ओले हात, मासा जाळ्यात पाण्याखाली, काट्याची दाढ पकडीने दाबलेली. नियमाने इथे दिवसाला सोळा इंचांखालचा एक ठेवता येतो, तोही ठेवू नये असं आम्हाला वाटतं.

शरद ऋतूत एक धोका ध्यानात ठेवा. स्नो नदीच्या वर हिमनदीने अडवलेलं तळं आहे, ते दर दोन-तीन वर्षांनी बर्फाखालून रिकामं होतं आणि ते पाणी केनाई तळ्यातून या नदीत येतं. पाणी दिवसेंदिवस चढत राहतं, फेऱ्या रद्द होतात. बुकिंग करताना अशा वेळी पैसे परत मिळतात का हे लेखी घ्या.

१० सप्टेंबर. मासे घरी नेताना

साफ करायच्या टेबलावर गाईड दोन मिनिटांत दोन फिले काढतो. डोकी आणि गाबोळी बहुतेक गिऱ्हाईकं घेत नाहीत. कालवणाची सवय असलेल्यांनी आधीच सांगून डोकी, गळपट्टीचे तुकडे आणि पोटाच्या पट्ट्या वेगळ्या मागून घ्याव्यात, चरबी तिथेच असते. फिलेवर बोट उलटं फिरवलं की बारीक काट्यांची ओळ लागते, ते चिमट्याने काट्याच्या दिशेतच ओढायचे. सॉकआयला चरबी कमी, तव्यावर बांगड्याएवढा वेळ ठेवला तर कोरडा पडतो. जाड भाग मधे किंचित पारदर्शक असतानाच उतरवा. कच्चा खायचा विचार असेल तर आधी उणे २० अंशांवर सात दिवस गोठवलेला हवा, साल्मनमध्ये कृमी असतात.

गावातले प्रक्रियावाले पौंडावर पैसे घेऊन व्हॅक्यूम पॅक करून गोठवतात. त्यासाठी एक रात्र सोडा, संध्याकाळी दिलेला मासा सकाळच्या विमानापर्यंत दगडासारखा होत नाही. खोक्याचं वजन ५० पौंडांच्या आत ठेवा, त्यावर विमान कंपन्या जादा पैसे लावतात. नीट गोठलेला मासा चांगल्या खोक्यात सिॲटलपर्यंतच काय, पुढच्या विमानातही टिकतो, बर्फ घालायची गरज नाही. सुका बर्फ घालायचाच असेल तर माणशी अडीच किलोपर्यंत, खोक्याला वायू बाहेर जायला भोक, आणि कंपनीची परवानगी आधी.